जिवाणूंचा श्वास मोजणार कोण?

मुंबईतील सात नव्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांचे भूमिपूजन १९ जानेवारी २०२३ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. वरळी, वांद्रे, धारावी, घाटकोपर, भांडुप, वर्सोवा आणि मालाड या सात केंद्रांची एकत्रित क्षमता दररोज २ हजार ४६४ दशलक्ष लिटर इतकी ठरविण्यात आली असून, खर्चाचा आकडा १७ हजार कोटी रुपयांच्या पुढे गेला. पुण्यात मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी जपानच्या ‘जायका’ या संस्थेच्या कर्जातून ९९० कोटी रुपयांची योजना २०१६ मध्ये मार्गी लागली. तीत ११ केंद्रांतून ३९६ दशलक्ष लिटर पाण्यावर प्रक्रिया करण्याचे उद्दिष्ट होते. या प्रकल्पांचा खर्च, जागा, कंत्राटे आणि रखडपट्टी यांविषयी वृत्तपत्रांतून रकानेच्या रकाने भरून आले. ज्यांच्या भरवशावर हा सारा डोलारा उभा राहायचा, त्या कामगारांविषयी मात्र क्वचितच कोणी बोलले. हे कामगार म्हणजे जिवाणू.

या केंद्रांमागील तंत्र शंभर वर्षांहून जुने आहे. इंग्लंडमधील मँचेस्टर येथे एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी १९१४ मध्ये असे दाखवून दिले की, सांडपाण्यात हवा खेळवल्यानंतर तळाशी बसलेला गाळ फेकून न देता पुन्हा नव्या सांडपाण्यात मिसळला, तर पाणी कितीतरी लवकर स्वच्छ होते. कारण तो गाळ निर्जीव नसतो. त्याच्या कणाकणावर असंख्य जिवाणू वस्तीला असतात आणि पाण्यातील घाण हेच त्यांचे अन्न असते. ‘सक्रिय गाळ’ हे नाव त्यावरूनच रूढ झाले. आज निविदांमध्ये एसबीआर, एमबीबीआर अशी आद्याक्षरे दिसतात. पण पद्धत कोणतीही असो, राबणारे हात तेच आहेत.

या जिवाणूंमध्ये ढोबळमानाने दोन जाती कराव्या लागतील. पहिली, सेंद्रिय घाण खाणाऱ्यांची. हे दणकट असतात आणि त्यांची संख्या काही तासांत दुप्पट होते. दुसरी जात अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करणाऱ्यांची. नायट्रोसोमोनास, नायट्रोस्पिरा ही त्यांतील परिचित नावे. या जातीची वाढ अतिशय संथ असते. दुप्पट व्हायला दिवस किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. थोडे विषारी द्रव्य आले तरी आधी हीच जात आडवी होते, आणि एकदा नष्ट झाली की पुन्हा उभी राहायला काही आठवडे जातात.

हा तपशील केवळ जीवशास्त्राच्या पुस्तकापुरता राहिलेला नाही. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने १३ ऑक्टोबर २०१७ रोजी सांडपाणी केंद्रांसाठी जी मानके अधिसूचित केली, त्यांत नत्राचा उल्लेखच नव्हता. राष्ट्रीय हरित लवादाने ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात महानगरांसाठी कडक मानके सांगितली. जैविक प्राणवायूची मागणी, म्हणजे बीओडी, लिटरला १० मिलिग्रॅम आणि एकूण नत्रही १० मिलिग्रॅम. नत्र इतके खाली आणायचे तर नायट्रीकरण करणारे जिवाणू धडधाकट असलेच पाहिजेत, त्याला पर्याय नाही. म्हणजे बाहेर पडणाऱ्या पाण्याविषयीच्या अपेक्षा नेमक्या त्या जिवाणूंवर येऊन ठेपल्या आहेत, जे सर्वांत नाजूक आहेत. आत येणाऱ्या पाण्याविषयीचे नियम मात्र जिथल्या तिथे राहिले.

श्वास मंदावतो तेव्हा

एखादे रसायन या जिवाणूंना कितपत घातक आहे, हे ठरविण्याची पद्धत अवघड नाही. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने (ओईसीडी) १९८४ मध्ये तिची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आणि २०१० मध्ये ती सुधारली. तिचा क्रमांक २०९. कल्पना साधी आहे. जिवंत जिवाणू अन्न खाताना प्राणवायू घेतो. त्याला विषबाधा झाली, तर प्राणवायू घेण्याचा वेग मंदावतो. तेव्हा जिवाणू मेला की जगला हे सूक्ष्मदर्शकाखाली मोजत बसण्याऐवजी त्याचा श्वास मोजावा.

त्यासाठी चालू केंद्रातील सक्रिय गाळ आणतात. लिटरला दीड ग्रॅम या प्रमाणात तो भांड्यांत घेतात. पेप्टोन, मांसाचा अर्क, युरिया आणि क्षार यांचे कृत्रिम सांडपाणी खाद्य म्हणून देतात. एका भांड्यात काहीच मिसळत नाहीत. बाकीच्यांत तपासावयाचे रसायन चढत्या मात्रेत. तीन तास हवा खेळवल्यावर प्रत्येक भांड्यातील प्राणवायू किती वेगाने घटतो, हे इलेक्ट्रोडने पाच-दहा मिनिटे नोंदवतात. ज्या मात्रेला श्वसनाचा वेग निम्मा होतो, ती त्या रसायनाची ‘ईसी-५०’. आकडा जितका लहान, तितके रसायन अधिक घातक. नायट्रीकरण करणाऱ्यांचा श्वास वेगळा मोजायचा असेल, तर दुसऱ्या एका संचात अलाइलथायोयुरिया घालून त्यांचे काम थांबवतात आणि दोन आकड्यांतील फरक काढतात.

गाळ बरोबर प्रतिसाद देत आहे ना, याची खातरजमा ३,५-डायक्लोरोफिनॉल या ज्ञात विषाने केली जाते. त्याची ईसी-५० एकूण श्वसनासाठी लिटरला २ ते २५ मिलिग्रॅम यांच्या दरम्यान आली पाहिजे. केवळ नायट्रीकरणासाठी मात्र ०.१ ते १० मिलिग्रॅम इतकी कमी मात्रा धरली आहे. दोन जातींतील नाजूकपणाचा फरक या दोन आकड्यांतच वाचता येतो.

युरोपीय संघाच्या ‘रीच’ कायद्याने, जो १ जून २००७ पासून अमलात आला, वर्षाला दहा टन किंवा अधिक प्रमाणात तयार वा आयात होणाऱ्या रसायनांसाठी ही चाचणी मागितली आहे. काही अपवाद आहेत, पण नियम हाच. चाचणीतून निघालेल्या ईसी-५० ला शंभराने भागून केंद्रासाठी सुरक्षित मात्रा धरली जाते. समजा, एखाद्या द्रव्याची ईसी-५० लिटरला २०० मिलिग्रॅम आली, तर केंद्रातील पाण्यात ते २ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. शंभराचा भागाकार अतिसावध वाटेल. परंतु तीन तासांच्या चाचणीवरून वर्षानुवर्षे चालणाऱ्या टाकीचे भवितव्य ठरवायचे असते, हे लक्षात घेतले तर तो अवाजवी नाही. भारतात युरोपच्या धर्तीवर रसायनांची नोंदणी सक्तीची करणारे नियम आणण्याचे मसुदे २०२० पासून चर्चेत आले. ती चर्चा आयात, शुल्क आणि लघुउद्योगांवरील बोजा यांभोवतीच अधिक फिरली.

बाटलीतला भ्रम

आपल्याकडे नियम नाहीत असे नव्हे. पर्यावरण संरक्षण नियम, १९८६ च्या सहाव्या परिशिष्टात कारखान्यांचे पाणी कोठे सोडले जाते, त्यानुसार चार रकाने आहेत. नदी-नाल्यांसारखे जमिनीवरील जलप्रवाह हा पहिला, सार्वजनिक मलवाहिनी हा दुसरा. या दुसऱ्या रकान्यातील आकडे वाचण्यासारखे आहेत. सायनाइड नदीत सोडायचे तर लिटरला ०.२ मिलिग्रॅम, मलवाहिनीत २. षट्संयुजी क्रोमियम नदीत ०.१, मलवाहिनीत २. जस्त नदीत ५, मलवाहिनीत १५. पुढे प्रक्रिया केंद्र आहे, ते पाहून घेईल, असा हा हिशेब. मलवाहिनीत घरगुती पाणी मिसळून ही द्रव्ये विरळ होतात, हे खरे. पण किती विरळ होतात, हे त्या वाहिनीवर किती कारखाने आहेत आणि ते एकाच वेळी पाणी सोडतात की कसे, यावर अवलंबून असते. आकडा ठरविताना या गणिताला जागाच ठेवलेली नाही.

याहून मोठी गोम बीओडीच्या आकड्यात आहे. मलवाहिनीत सोडण्यासाठी बीओडीची मर्यादा ३५० मिलिग्रॅम आहे. रासायनिक प्राणवायूची मागणी, म्हणजे सीओडी, हिची मर्यादा पहिल्या रकान्यात २५० आहे आणि मलवाहिनीच्या रकान्यात ती जागा कोरी आहे. आता बीओडी मोजतात कशी? पाण्याचा नमुना बाटलीत भरून भारतीय मानकानुसार २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवतात आणि बाटलीतील जिवाणूंनी किती प्राणवायू वापरला हे पाहतात. पाणी विषारी असेल तर बाटलीतील जिवाणूच मरतील, प्राणवायू शिल्लक राहील आणि बीओडी कमी दिसेल! पाणी जितके घातक, तितका अहवाल निर्मळ, असा हा उफराटा न्याय. अनुभवी विश्लेषक नमुना अनेक पट विरळ करून पुन्हा तपासतात. विरळ केल्यावर बीओडी वाढत गेली, तर विषाचा संशय घेतात. सीओडीशी ताडून पाहिले तरी गडबड उघडी पडते. पण ज्या रकान्यात सीओडी मागितलेलीच नाही, तेथे ताडून पाहायचे कशाशी? राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ संमतिपत्रात अधिक कडक अटी घालू शकते. ते घालते की नाही, हे उद्योगागणिक पाहावे लागते.

याच परिशिष्टात एक जैविक चाचणीही आहे. शंभर टक्के सांडपाण्यात ९६ तास ठेवलेल्या माशांपैकी ९० टक्के जगले पाहिजेत. ही अट मलवाहिनीच्या रकान्यातही आहे. नदीसाठी तिचे औचित्य वादातीत आहे. पण मलवाहिनीच्या टोकाला मासे नसतात, जिवाणू असतात. माशांची परीक्षा घेऊन जिवाणूंना उत्तीर्ण ठरविण्याचा हा प्रकार कोणाच्या कसा लक्षात आला नाही, याचे नवल वाटते. माशाला निरुपद्रवी असलेले प्रतिजैविक जिवाणूचा जीव घेऊ शकते. किंबहुना त्यासाठीच ते बनवलेले असते.

कानपूर आणि पाटनचेरू

याचे परिणाम काय होतात, हे पाहण्यासाठी परदेशात जायला नको. कानपूरच्या जाजमऊ भागात गंगा कृती योजनेखाली नेदरलँड्सच्या सहकार्याने १९९४ मध्ये ३६ दशलक्ष लिटर क्षमतेचे केंद्र सुरू झाले. ९ दशलक्ष लिटर पाणी चामड्याच्या कारखान्यांचे आणि त्यात २७ दशलक्ष लिटर घरगुती मैलापाणी, असे मिश्रण ठरले होते. कारखान्यांनी क्रोमियम आपल्या आवारातच परत मिळवावे, ही अपेक्षा होती. ती पुरी झाली नाही. गृहीत धरल्यापेक्षा कितीतरी जास्त क्रोमियम आणि सल्फेट केंद्रात पोहोचले. प्राणवायूविना काम करणाऱ्या या टाक्यांत सल्फेटपासून सल्फाइड तयार होते आणि ते मिथेन वायू बनविणाऱ्या सूक्ष्मजीवांना मारक ठरते. केंद्राचे पाणी पुढे शेतीला जात असल्याने क्रोमियम शेतांत उतरले आणि ‘मैलापाणी मिसळून विष विरळ करू’ या विचाराची मर्यादा तेथे उघडी पडली.

हैदराबादजवळील पाटनचेरूचा प्रकार वेगळा आणि अधिक गंभीर आहे. औषधनिर्मिती कारखान्यांचे पाणी घेणाऱ्या तेथील सामायिक केंद्रातून प्रक्रिया होऊन बाहेर पडलेल्या पाण्याची तपासणी स्वीडनचे संशोधक योआकिम लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केली. त्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. जिवाणूंच्या जिवावर चालणाऱ्या केंद्रात जिवाणूनाशक औषधाचा असा मारा होत राहिला, तर टाकी बंद पडते असे नाही. मरायचे ते मरतात आणि औषधाला न जुमानणारे उरतात, वाढतात. श्वसनाच्या चाचणीत अशा सरावलेल्या गाळाचा श्वास कदाचित ठणठणीतही येईल. म्हणूनच ही चाचणी सर्व प्रश्नांचे उत्तर आहे, असा दावा कोणी करू नये. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंचा शोध स्वतंत्रपणेच घ्यावा लागतो.

माणसांना बाधा झाली की प्रकरण लगेच उघडकीस येते. अमेरिकेतील लुईव्हिल शहरात मार्च १९७७ मध्ये मलवाहिनीत कीटकनाशक निर्मितीतील घातक रसायन ओतले गेले. केंद्रातील कर्मचारी आजारी पडले, केंद्र सुमारे तीन महिने बंद ठेवावे लागले आणि शहराचे कच्चे मैलापाणी ओहायो नदीत गेले. उल्हासनगरात नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस वालधुनी नदीत टँकरमधून रसायन ओतले गेले, तेव्हा शेकडो रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले. त्या दोन्ही वेळी ओतणाऱ्यांचा माग काढण्यात आला. जिवाणूंना बाधा झाली तर ओरड करायला कोणी नसते. हवेचे पंप तेवढेच चालू असताना टाकीतील विरघळलेला प्राणवायू अकस्मात वाढतो, कारण तो घेणारेच उरलेले नसतात. सूक्ष्मदर्शकाखाली एरवी दिसणारे व्हॉर्टिसेला, रोटिफर यांसारखे जीव नाहीसे होतात. पाणी गढूळ होते, फेस येतो. चालकाला हे कळते. पण तोवर ते विषारी पाणी टाकी ओलांडून पुढे गेलेले असते आणि ते कोणी सोडले हे शोधण्याचा मार्ग राहत नाही. मानके न पाळल्याबद्दल नोटीस येते ती केंद्राला.

सोसायटीच्या तळघरात

हा प्रश्न केवळ कारखानदारांचा आहे, अशी शहरी वाचकाने समजूत करून घेण्याचे कारण नाही. २००६ च्या अधिसूचनेनुसार २० हजार चौरस मीटर व त्याहून मोठ्या बांधकामांना पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरली आणि तिच्या अटींपोटी मुंबई-पुण्यातील असंख्य गृहसंकुलांच्या तळघरांत छोटी प्रक्रिया केंद्रे आली. तेथे हिशेब बदलतो. दोनशे सदनिका, घरटी पाच माणसे, माणशी १३५ लिटर, म्हणजे दिवसाला १ लाख ३५ हजार लिटर सांडपाणी. हवेच्या टाकीत त्याचा तिसरा भाग, ४५ हजार लिटर, धरू. जंतुनाशक द्रवातील अर्धा किलो सक्रिय रसायन सफाई कर्मचाऱ्याने एका वेळी मोरीत ओतले, तर टाकीत त्याची मात्रा लिटरला ११ मिलिग्रॅमच्या आसपास जाते. तेच अर्धा किलो ५०० दशलक्ष लिटर क्षमतेच्या वरळी केंद्रात गेले, तर ती मात्रा मिलिग्रॅमचा हजारावा भाग ठरते. मोठ्या केंद्राला जे जाणवतही नाही, ते छोट्याला आडवे करू शकते.

२०२० च्या करोना साथीत घरोघरी, लिफ्टमध्ये, जिन्यांत जंतुनाशकांची फवारणी झाली. त्यांतील क्लोरिन मैलापाण्यातील घाणीवरच खर्ची पडून बरेचसे निष्प्रभ होते. परंतु बेन्झाल्कोनियम क्लोराइडसारखी द्रव्ये, जी आज फरशी पुसण्याच्या द्रवांत सर्रास असतात, गाळाला चिकटून राहतात आणि नायट्रीकरणाला बाधा आणतात. ती सावकाश, थोड्या मात्रेत आली तर जिवाणू त्यांना सरावतात, काही तर ती खातातही. फिनॉलचेही तसेच आहे. घात होतो तो एकदम ओतण्याने. आणि टाकी बंद पडली की सोसायट्यांतून शेण कालवून टाकण्याचा उपाय केला जातो! शेणातील जिवाणू जनावराच्या पोटात, प्राणवायूविना वाढलेले. अमोनियावर काम करणारे त्यांत नावालाच. त्यापेक्षा जवळच्या चालू केंद्रातून टँकरभर सक्रिय गाळ आणणे केव्हाही श्रेयस्कर.

चाचणी कोठे आणि कोणी करावी, याकडे आता वळू. ओईसीडीची चाचणी एका शुद्ध रसायनासाठी, मुख्यतः घरगुती मैलापाण्याच्या गाळावर आणि २० अंश तापमानाला आखलेली आहे. आपल्या वाहिन्यांत येते ते अनेक रसायनांचे मिश्रण, आणि मुंबईच्या सांडपाण्याचे तापमान वर्षातील बहुतेक काळ २५ अंशांच्या वर असते. बीओडीसाठी आपण आपल्या हवामानाला साजेसे २७ अंश स्वीकारले, तसे येथेही करता येईल. मिश्र सांडपाण्यासाठी याच तत्त्वावरील आयएसओ ८१९२ हे मानक उपलब्ध आहे. समुद्रातील प्रकाशमान जिवाणूंचा उजेड किती मंदावतो, हे पाहणारी झटपट चाचणीही काही प्रयोगशाळा वापरतात. इशाऱ्यापुरती ती ठीक. पण ज्या केंद्राला धोका आहे, त्याच केंद्राच्या गाळाने दिलेली साक्ष अधिक ग्राह्य मानली पाहिजे.

खर्चाची सबब येथे फारशी टिकणारी नाही. हवेचा छोटा पंप, काही भांडी आणि विरघळलेला प्राणवायू मोजणारे उपकरण एवढ्यावर चाचणी होते, आणि हे उपकरण बहुतेक केंद्रांत असतेच. छोट्या उद्योजकांची तक्रार वेगळी आहे आणि ती समजून घेण्याजोगी आहे. आधीच तपासण्या अनेक, त्यांत आणखी एक कशाला? त्यावर मध्यम मार्ग असा की, प्रत्येक कारखान्यामागे न लागता जेथे औद्योगिक वाहिनी शहराच्या मलवाहिनीला मिळते, त्या चेंबरमधील पाण्याचा नमुना घ्यावा. श्वसनात ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक घट दिसली, तरच त्या वाहिनीवरील एकेका उद्योगाकडे वळावे. नमुने कार्यालयीन वेळेत घेऊन उपयोग नाही. विषारी पाणी बहुधा रात्री किंवा पहिल्या पावसात सोडले जाते.

त्यासाठी नवा कायदा यायची वाट पाहण्याचीही गरज नाही. जलप्रदूषण प्रतिबंध कायदा, १९७४ नुसार संमतिपत्रात अटी घालण्याचा अधिकार राज्य मंडळाला आहे आणि संमतिपत्रांचे नूतनीकरण ठरावीक मुदतीने होतच असते. मलवाहिनी महापालिकेची असते, तेव्हा तीत काय सोडू द्यावे याबाबत पालिकेचाही शब्द चालतो. औद्योगिक पाणी मिसळणाऱ्या प्रत्येक केंद्रात आठवड्यातून एकदा येणाऱ्या पाण्याची श्वसनचाचणी आणि तिच्या निकालांची बीओडीबरोबरच जाहीर नोंद, एवढी अट कंत्राटातही घालता येते. मुंबईच्या सात केंद्रांच्या कंत्राटांत बांधणीनंतर देखभालीची दीर्घ मुदत ठेवलेली आहे. बाहेर पडणारे पाणी मानकात न बसल्यास जबाबदार कोण, हा वाद त्या काळात कधी ना कधी उभा राहीलच. आत काय आले होते याची नोंद तेव्हा पालिकेच्या हाती असेल की कंत्राटदाराच्या, की कोणाच्याच नाही, हे ठरविण्याची वेळ टाक्या भरण्यापूर्वीची आहे.